विळा सगळ्यांच्या झेंड्यावर, मग भांडण कशावरून?

प्रश्न असा आहे: भाकप (भारतीय कम्युनिस्ट पक्ष), माकप (मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष), माले (मार्क्सवादी-लेनिनवादी), माओवादी, शिवाय आपल्याकडचे लाल निशाण आणि शेकाप (शेतकरी कामगार पक्ष), सगळेच मार्क्स-लेनिनचं नाव घेतात, सगळ्यांना समाजवादच हवा असतो. मग इतके पक्ष कशाला? हा मॉस्को आणि पीकिंगचा (आताचं बीजिंग) जुना झगडा आहे, की पुढाऱ्यांची भांडणं?

पुढाऱ्यांची भांडणं होतीच, मॉस्को-पीकिंगही होतं. पण तेवढ्यावर थांबलात तर 1964 साली भाकप फुटून माकप झाला, त्यानंतरचं काहीच नीट कळणार नाही. सोव्हिएत युनियन 1991 साली संपलं, चीनने त्याआधीच बाजाराची वाट धरली, तरी हे पक्ष वेगळेच राहिले.

आधी वाचायचं काय ते ठरवा. कम्युनिस्ट पक्षात तीन प्रकारचे कागद असतात आणि नवखा माणूस हमखास त्यांची सरमिसळ करतो. पहिला ‘कार्यक्रम’. तो काही दशकांसाठी असतो. देशात सत्ता कोणत्या वर्गाच्या हाती आहे, क्रांतीचा सध्याचा टप्पा कोणता, मित्र कोण, शत्रू कोण, हे त्यात येतं. माकपचा कार्यक्रम 1964 चा, आणि तो अद्ययावत झाला थेट 2000 साली. दुसरा ‘राजकीय ठराव’. तो साधारण दर तीन वर्षांनी अधिवेशनात होतो आणि त्यात डावपेच असतात: आज कुणाशी आघाडी, कुणाला मुख्य विरोध. तिसरा निवडणुकीचा जाहीरनामा. जाहीरनामे शेजारी शेजारी ठेवले तर भाकप आणि माकपमध्ये फरक सापडणार नाही, कारण तो तिथे नसतोच. मतभेद पहिल्या कागदात आहेत. उलट, डावपेचातल्या बदलाला ‘विचारधारा सोडली’ म्हणणं हीही तितकीच नेहमीची चूक.

कार्यक्रम हाती आला की सुरुवातीची जागतिक परिस्थितीची प्रकरणं सोडून द्या आणि ‘राज्यसंस्थेचं स्वरूप’ हे प्रकरण उघडा. तिथल्या एका वाक्यावरून पक्ष ओळखता येतो.

भाकपच्या 1964 च्या मांडणीत भारतीय राज्यसंस्था ही एकूण राष्ट्रीय भांडवलदार वर्गाच्या सत्तेचं साधन आहे, त्यात बड्या भांडवलदारांचा प्रभाव मोठा आहे. माकपच्या मांडणीत ती भांडवलदार आणि जमीनदार या दोघांच्या सत्तेचं साधन आहे, तिचं नेतृत्व बड्या भांडवलदारांकडे आहे आणि ते परकीय वित्त भांडवलाशी अधिकाधिक हातमिळवणी करताहेत. दोन वाक्यांत फरक दिसतो ‘प्रभाव’ आणि ‘नेतृत्व’ या शब्दांचा. बाहेरच्याला हा शब्दच्छल वाटेल. पण बड्या भांडवलदारांचा नुसता प्रभाव असेल, तर सत्ताधारी पक्षातल्या उरलेल्या, तथाकथित पुरोगामी गटाला त्या प्रभावातून सोडवून बरोबर घेता येतं. नेतृत्वच त्यांचं असेल, तर तो पक्ष आतून सुधारण्याची आशा धरण्यात अर्थ नाही, त्याच्या विरोधात पर्याय उभा करावा लागतो.

भाकपचं उद्दिष्ट ‘राष्ट्रीय लोकशाही क्रांती’. त्या आघाडीत मक्तेदार सोडून बाकीचा भांडवलदार वर्ग हक्काने येतो आणि नेतृत्व एकट्या कामगार वर्गाचं नसतं. ‘राष्ट्रीय लोकशाही राज्य’ ही कल्पना 1960 च्या मॉस्कोतल्या 81 कम्युनिस्ट पक्षांच्या निवेदनातून आली. नव्याने स्वतंत्र झालेले देश सोव्हिएत मदतीने, सार्वजनिक क्षेत्र वाढवत, ‘बिगर-भांडवली मार्गाने’ पुढे जाऊ शकतात, असा तो विचार होता. माकपचं उद्दिष्ट ‘जनता लोकशाही क्रांती’. तिचं नेतृत्व कामगार वर्गाकडेच हवं, गाभा कामगार-शेतकरी एकजुटीचा, आणि बडे नसलेले भांडवलदार डळमळीत: आले तर घ्या, पण त्यांच्या भरवशावर राहू नका.

कागदावरचा हा फरक व्यवहारात कसा उतरला, ते आणीबाणीत स्वच्छ दिसतं. इंदिरा गांधींनी जुलै 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, संस्थानिकांचे तनखे बंद केले, ऑगस्ट 1971 मध्ये सोव्हिएत युनियनशी करार केला. भाकपच्या सूत्रात घालून पाहिलं, तर हे राष्ट्रीय भांडवलदारांच्या पुरोगामी विभागाने मक्तेदारांवर केलेलं आक्रमण ठरतं. जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनात जनसंघ होता, म्हणून ते प्रतिगामी. तेव्हा 1975 साली भाकपने आणीबाणीला पाठिंबा दिला. केरळात भाकपचे अच्युत मेनन काँग्रेसच्या साथीने मुख्यमंत्री होते, ते 1977 पर्यंत. माकपने त्याच घटना आपल्या सूत्रात घातल्या: बडे भांडवलदार अडचणीत आले की हुकूमशाहीकडे वळणारच. माकपचे लोक तुरुंगात गेले. 1978 च्या भटिंडा अधिवेशनात भाकपने आणीबाणीच्या पाठिंब्याची चूक कबूल केली. श्रीपाद अमृत डांग्यांना ही नवी दिशा मान्य नव्हती, आणि ज्या पक्षाच्या उभारणीत त्यांचं आयुष्य गेलं त्याच पक्षाने 1981 मध्ये त्यांना काढलं. डांगे वैयक्तिक कारणांनी इंदिराबाईंच्या बाजूला गेले असं बोललं जातं. पण भाकपचं 1964 चं सूत्र शेवटपर्यंत प्रामाणिकपणे ओढत नेलं, तर माणूस त्याच जागी पोचतो.

आता मॉस्को-पीकिंग. फूट पडली ती 11 एप्रिल 1964 रोजी, भाकपच्या राष्ट्रीय परिषदेतून 32 सभासद बाहेर पडले तेव्हा. त्याला तीन तात्कालिक कारणं होती: 1962 चं चीन युद्ध, ब्रिटिश सरकारला डांग्यांनी 1924 मध्ये लिहिली असं म्हणून प्रसिद्ध झालेली पत्रं (डांग्यांनी ती बनावट ठरवली), आणि सोव्हिएत-चिनी वाद. पण ज्या चार भूमिका पुढे चार पक्ष झाल्या, त्या 1948 ते 1951 या तीन वर्षांत एकाच पक्षात एकमेकींशी झगडत होत्या आणि तेव्हा सोव्हिएत-चिनी वाद नव्हताच. 1948 च्या कलकत्ता अधिवेशनात पी. सी. जोशी जाऊन बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले. जोशींची भूमिका नेहरूंना बळ देण्याची. रणदिव्यांची अशी की स्वातंत्र्य खोटं आहे, लोकशाही आणि समाजवादी क्रांती एकमेकींत गुंफल्या आहेत, म्हणून सगळ्या भांडवलदार वर्गावर एकदम चाल करायची, शहरी संपाच्या जोरावर. मार्च 1949 मध्ये पुकारलेला रेल्वे संप फसला आणि या मार्गाचा जीव तिथेच गेला. त्याच वेळी तेलंगणात बंदुका हाती घेतलेले आंध्रचे कॉम्रेड माओचा दाखला देत होते: भारत चीनसारखा आहे, लढाई खेड्यात, मध्यम शेतकरी बरोबर, श्रीमंत शेतकरी निदान तटस्थ. शेवटी 1951 मध्ये शिष्टमंडळ मॉस्कोला जाऊन स्टालिनला भेटलं. परतल्यावर शिष्टमंडळातल्या अजय घोषांनी ‘ना रशियन वाट, ना चिनी वाट’ असा मधला मार्ग काढला आणि त्या ऑक्टोबरात तेलंगणाचा लढा मागे घेतला गेला.

म्हणजे बाहेरच्या वादाने आतल्या भेगेत पाचर मारली, भेग आधीचीच. मूळ शोधायचं तर 1920 च्या कॉमिंटर्नच्या (जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांची संघटना) दुसऱ्या काँग्रेसपर्यंत जावं लागतं. लेनिन म्हणत होते, वसाहतीतल्या राष्ट्रीय चळवळीला पाठिंबा द्या. मानवेंद्रनाथ रॉय म्हणत होते, तिथला भांडवलदार ऐन वेळी तडजोड करणार, खालून कामगार-शेतकऱ्यांची वेगळी चळवळ बांधा. भारतातला प्रत्येक कम्युनिस्ट पक्ष आजही याच दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे. पक्षाच्या जन्मतारखेवरही एकमत नाही: माकप ऑक्टोबर 1920 ची ताश्कंदची बैठक धरतो, भाकप डिसेंबर 1925 ची कानपूरची परिषद.

माकपला ‘चीनवादी’ म्हणणंही 1967 नंतर चुकीचं. 25 मे 1967 रोजी नक्षलबाडीत पोलिसांच्या गोळीबारात 11 जण मेले, तेव्हा बंगालच्या संयुक्त आघाडी सरकारात माकप होता आणि ज्योती बसू उपमुख्यमंत्री होते. चिनी पक्षाच्या मुखपत्राने नक्षलबाडीचं वसंतातल्या मेघगर्जनेसारखं स्वागत केलं आणि माकपला दुरुस्तीवादी, म्हणजे मार्क्सवाद मवाळ करणारा, ठरवलं. एप्रिल 1968 च्या बरद्वान प्लेनममध्ये (विशेष बैठकीत) माकपने सोव्हिएत दुरुस्तीवाद आणि चिनी साहसवाद दोन्ही नाकारले.

22 एप्रिल 1969 रोजी, लेनिनच्या जन्मशताब्दीचं वर्ष सुरू होताना, भाकप (माले) स्थापन झाला. याचं राज्यसंस्थेवरचं वाक्य अगदी वेगळं आहे: भारत अर्धवसाहती-अर्धसरंजामी देश आहे. बडे भांडवलदार ‘दलाल’ आहेत, म्हणजे परकीय भांडवलाचे आडते, स्वतंत्र वर्ग नव्हेत. मुख्य अंतर्विरोध सरंजामशाही आणि व्यापक जनता यांच्यातला. तेव्हा क्रांतीचा अक्ष शेतीक्रांती, टप्पा ‘नवजनवादी’, मार्ग दीर्घकालीन लोकयुद्धाचा: दुर्गम भागात तळ उभारायचे, खेड्यांनी शहरांना वेढायचं. एकदा ‘अर्धवसाहती’ मान्य केलंत की संसद हा देखावा ठरतो आणि निवडणुकीवरचा बहिष्कार आपोआप येतो. पक्षाचे नेते चारू मजुमदार यांनी यात ‘वर्गशत्रूंचा खातमा’ घातला आणि जनसंघटना, कामगार संघटना निरुपयोगी ठरवल्या. आंध्रच्या टी. नागी रेड्डींना हे तेव्हाच पटलं नव्हतं: आधी जनतेचा लढा, मग शस्त्र. म्हणून ते माले पक्षात गेलेच नाहीत. 1972 मध्ये चारूबाबूंचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला आणि पक्षाचे तुकडे झाले.

इथे दोन प्रवाह वेगळे करायलाच हवेत, कारण वर्तमानपत्रं दोघांनाही ‘नक्षलवादी’ म्हणून मोकळी होतात. माले पक्षातला विनोद मिश्रांचा लिबरेशन गट 1980 च्या दशकात बहिष्काराला डावपेच मानू लागला, कायमचं तत्त्व नव्हे. त्यांच्या इंडियन पीपल्स फ्रंटने 1989 मध्ये बिहारमधली आरा लोकसभा जिंकली, आणि 1992 मध्ये पक्ष उघडपणे काम करू लागला. तो आज विधानसभेत, लोकसभेत बसतो. दुसरीकडे 1980 चा पीपल्स वॉर गट आणि बिहारचा एमसीसी (माओवादी कम्युनिस्ट सेंटर) सप्टेंबर 2004 मध्ये एकत्र येऊन भाकप (माओवादी) झाला. केंद्राने जून 2009 मध्ये त्यावर बंदी घातली. गडचिरोलीत 1980 पासून दिसला तो हाच प्रवाह.

दलाल भांडवलदारांचा सिद्धांत मला सगळ्यात कच्चा वाटतो. मुंबईत कावसजी दावरांची गिरणी 1850 च्या दशकात उभी राहिली. टाटांची पोलाद कंपनी 1907 ची आणि तिने 2007 मध्ये कोरस ही युरोपातली मोठी कंपनी विकत घेतली. आडत्याने मालकालाच विकत घेतल्याचं हे उदाहरण. माओवादी उत्तर देतात की तंत्रज्ञान आणि कर्ज परकीयच आहे. पण या व्याख्येने जगातले निम्मे भांडवलदार दलाल ठरतील. दुसरी अडचण लष्करी आहे. माओचा मार्ग 1930 च्या चीनमध्ये चालला, कारण तिथे केंद्रीय सत्ता फुटलेली होती, प्रांतोप्रांती लष्करी सरदार एकमेकांशी लढत होते, त्यांच्या मधल्या फटींत तळ टिकला. भारतात सैन्य एक, रेल्वे एक, निवडणूक आयोग एक. तशा फटी फक्त डोंगर-जंगलात उरतात आणि तिथे कारखान्याचा कामगार नसतो.

‘अर्धसरंजामी’ शब्दाची तपासणी मात्र इतकी सोपी नाही. 1970 च्या दशकात अर्थशास्त्रज्ञांनी ‘शेतीतली उत्पादन पद्धती’ म्हणून जो प्रदीर्घ वाद घातला, त्यातून निघालेल्या कसोट्या आजही गावात लावता येतात. शेतमजुरी रोखीची की बांधिलकीची? जमीन बटाईने जाते का, आणि बटाईदाराला सावकारही तोच मालक आहे का? पीक बाजारासाठी की घरासाठी? आणि सर्वांत महत्त्वाचं, नफा परत शेतीत गुंततो का, की सावकारी आणि जमीनखरेदीत जातो?

बीडचा ऊसतोड कामगार घ्या. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून हंगामाआधी ‘उचल’, फिटली नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा त्याच्याच टोळीत. मालेवाला म्हणेल, कर्जाने बांधलेला मजूर, सरंजामी बंधनच. माकपवाला म्हणेल, साखर कारखाना भांडवली, ऊस बाजाराचा, मजूर स्थलांतरित. भांडवलशाहीनेच जुनं बंधन स्वस्त मजुरीसाठी वापरात ठेवलंय. एसयूसीआय या आणखी एका डाव्या पक्षाचा माणूस म्हणेल, ही शुद्ध भांडवलशाही, बाकी सजावट. वस्तुस्थितीवर तिघांचं भांडण नाही. मागणी मात्र बदलते: जमीनवाटप, की तोडणीचा दर आणि कामगार म्हणून नोंदणी, की थेट समाजवाद. मला यात मधली भूमिका खरी वाटते, पण मजुराला उचलीतून सोडवण्याचं उत्तर तिघांपैकी कुणाकडेही पुरेसं तयार नाही.

एसयूसीआयचा उल्लेख आलाच आहे, तर क्रांतीचे ‘टप्पेच मानत नाही’ म्हणणारी शाखा थोडक्यात. 1940 चा आरएसपी (क्रांतिकारी समाजवादी पक्ष), 1948 चा शिवदास घोषांचा एसयूसीआय, आणि 1942 मध्ये भारत-सिलोन-ब्रह्मदेशासाठी स्थापन झालेला ट्रॉट्स्कीवादी बोल्शेविक-लेनिनवादी पक्ष. एकमेकांशी यांचं पटत नाही (एसयूसीआय स्टालिनला मानतो, ट्रॉट्स्कीवादी अर्थातच नाही), पण भारतात भांडवलदार सत्तेवर बसलेच आहेत, तेव्हा पुढचा टप्पा समाजवादी क्रांतीचाच, भांडवलदारांतला एकही थर मित्र नाही, यावर एकमत. तर्क निर्मळ आहे. अडचण अशी की दहा एकरवाल्या शेतकऱ्याला आज काय सांगायचं, हे त्यातून निघत नाही.

महाराष्ट्रात आणखी दोन-तीन फाटे फुटले आणि त्यांची कारणं खास इथली आहेत. जून 1941 मध्ये हिटलर रशियात घुसल्यावर भाकपने ‘साम्राज्यवादी युद्ध’ बदलून ‘लोकयुद्ध’ म्हटलं आणि 1942 च्या आंदोलनापासून दूर राहिला. ते न पटलेला गट नवजीवन संघटना म्हणून वेगळा झाला: एस. के. लिमये, दत्ता देशमुख, यशवंत चव्हाण. तोच पुढे लाल निशाण. शेकापची वाट काँग्रेसमधून आली. शंकरराव मोरे, केशवराव जेधे, बहुजन शेतकऱ्यांचा पाया, आणि 1950 च्या दाभाडी प्रबंधात मार्क्सवाद-लेनिनवाद स्वीकारला, पण भाकपचं नेतृत्व नाही. पाया मध्यम आणि बड्या शेतकऱ्यांचा राहिला, तेव्हा काँग्रेसने सहकारातून तोच थर ओढला की पक्ष सुकणार हे ठरलेलं होतं. जेधे आणि मोरे स्वतः त्याच दशकात परतले.

जातीचा प्रश्न मात्र या सगळ्या कार्यक्रमांना आडवा जातो. 1928 च्या मुंबईच्या गिरणी संपात आंबेडकरांचा आक्षेप नेमका होता: जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि कामगार पुढाऱ्यांनी हा मुद्दा मागण्यांत आणायला खळखळ केली. त्यामागचा सिद्धांत असा की जात हा ‘इमला’, पाया अर्थव्यवस्थेचा, पाया बदलला की इमला ढासळेल. धुळ्याचे शरद पाटील यावरून 1978 मध्ये माकपमधून बाहेर पडले आणि सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्यांचं म्हणणं, ब्रिटिशपूर्व भारतात कोण कोणतं काम करणार आणि उत्पन्नाचा वाटा कुणाला, हे जात ठरवत होती, म्हणजे जात पायातच होती. मार्क्सला फुले-आंबेडकरांची जोड त्यांनी इथून दिली. संघटना लहान राहिली, पण आज माकप-भाकपच्या ठरावांत जातिअंताचा जो भाग असतो, त्याच्या मागे असल्या टीकेचा रेटा आहे.

सरकारात जायचं का, हा शेवटचा खुंटा. माकपच्या 1964 च्या कार्यक्रमातलं कलम 112 राज्य सरकारांत जायला परवानगी देतं, पण एका अटीवर: यातून लोकांना तात्पुरता दिलासा मिळेल, मूलभूत प्रश्न सुटणार नाहीत, हे लोकांना सांगत राहायचं. बंगालमध्ये 1978 पासूनची ऑपरेशन बर्गा याच कलमाची व्यवहारी बाजू. सुमारे 14-15 लाख बटाईदारांची नोंद झाली, बी-खत बटाईदाराचं असेल तर पिकाचे तीन हिस्से त्याचे आणि एक मालकाचा. माले म्हणतात, नोंद दिलीत, मालकी नाही. खरं आहे. पण मालकी देणं घटनेच्या चौकटीत जितकं शक्य होतं त्याहून हे जास्तच होतं. 1996 मध्ये ज्योती बसूंना पंतप्रधानपद देऊ केलं, तेव्हा केंद्रीय समितीने नकार दिला, कारण कलम राज्यांपुरतं होतं आणि केंद्रात धोरण ठरवण्याइतकं बळ नव्हतं. बसूंनी पुढे उघडपणे त्याला ऐतिहासिक घोडचूक म्हटलं. 2000 साली कार्यक्रम अद्ययावत झाला तेव्हा त्या कलमात ‘राज्यांत किंवा केंद्रात’ असे शब्द आले. ‘किंवा केंद्रात’ या दोन शब्दांसाठी चार वर्षं गेली.

मग भाकप-माकप एक का होत नाहीत, हा तुमचा न विचारलेला प्रश्न. काँग्रेसविषयीचा जुना वाद निवळलाय, दोघे एकाच आघाडीत असतात, भाकपचा राष्ट्रीय पक्षाचा दर्जा 2023 मध्ये गेल्यावर निकड त्यांनाच जास्त. अडतं ते कार्यक्रमातल्या नेतृत्वाच्या वाक्यावर, आणि त्याहून जास्त साठ वर्षांत उभ्या राहिलेल्या दुहेरी संघटनांवर: कामगारांत भाकपची आयटक 1920 ची, माकपची सीटू 1970 ची. दोन कचेऱ्या, दोन निधी, दोन समित्या, आणि प्रत्येक जिल्ह्यात दोन सचिव. किसान सभेचं तर नावही दोघांनी सोडलं नाही. 2018 च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेला मोर्चा माकपच्या किसान सभेचा, पण भाकपच्या संघटनेचं नावही अखिल भारतीय किसान सभाच आहे. पत्रक हाती आलं की खाली सही कुणाची आणि पत्ता कुठला, ते आधी बघा.